वसिष्ठांची अनुपस्थिती : 'उत्तररामचरित', भंडारा आणि समतोलाचा प्रश्न

१

लोकशाही शासनाविषयीच्या मराठी वैचारिक लेखनात 'समतोल' हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी येतो, आणि पुष्कळदा तो एका अर्थावरून दुसऱ्यावर केव्हा सरकला हे लिहिणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. पहिला अर्थ सत्तांच्या समतोलाचा. विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायसंस्था यांनी परस्परांना आवर घालावा, सर्व अधिकार एका हाती एकवटू नयेत, हा माँतेस्क्यूने १७४८ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला विचार त्याच्या मुळाशी आहे. दुसरा अर्थ दृष्टिकोनांच्या समतोलाचा. कोणताही सार्वजनिक निर्णय होण्यापूर्वी त्याविषयीची भिन्न मते उच्चारली जावीत, ऐकली जावीत आणि निर्णयाच्या घडणीत त्यांचा काही अंश उतरावा, अशी ही अपेक्षा. पहिला समतोल संस्थांच्या रचनेशी संबंधित आहे, तर दुसरा भाषाव्यवहाराशी. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकच पहिल्याकडे असते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र दुसऱ्याविषयी काही सांगता येण्यासारखे आहे, कारण कोणत्याही नाट्यकृतीला वा कादंबरीला आरंभीच एक निर्णय घ्यावा लागतो : कोण बोलणार, कोणासमोर बोलणार, आणि त्या बोलण्याने काय बदलणार?

प्रस्तुत लेखात या दोन समतोलांचे परस्परनाते तीन ठिकाणी तपासावयाचे आहे. भवभूतीचे 'उत्तररामचरित' हे पहिले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पुणे येथील १९५२ चे व्याख्यान व त्यानंतरची भंडाऱ्याची पोटनिवडणूक हे दुसरे. अरुण साधू यांचे राजकीय कथाविश्व हे तिसरे. यांपैकी पहिल्या दोहोंना जोडणारा एक भौगोलिक धागा आहे. भवभूतीने स्वतःचे मूळ स्थान म्हणून ज्या पद्मपुराचा उल्लेख केला आहे ते आमगावजवळचे पद्मपूर होय, असे मत वासुदेव विष्णु मिराशी यांनी मांडले. या मताविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण ते ग्राह्य धरले तर संस्कृत नाट्यवाङ्मयातील राजसत्तेची सर्वांत कठोर चिकित्सा आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या मातीशी जोडली जाते. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. आंबेडकर १९५४ मध्ये जेथे पराभूत झाले तो हाच जुना भंडारा जिल्हा. तथापि केवळ स्थानसाम्यावर कोणताही सिद्धान्त उभा राहत नाही, याची जाणीव ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

२

'उत्तररामचरिता'कडे मराठी वाचक सामान्यतः करुणरसाचे नाटक म्हणून पाहतो. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकात ते मराठीत आणल्यापासून त्याची चर्चा मुख्यतः रसविचाराच्या चौकटीत झाली. परंतु नाटकाच्या पहिल्या अंकाची बांधणी बारकाईने पाहिली तर तिच्यात राज्यकारभाराची एक विशिष्ट परिस्थिती हेतुपूर्वक उभी केलेली आढळते. राज्याभिषेक नुकताच झाला आहे. जनक मिथिलेस परतले आहेत. वसिष्ठ, अरुंधती आणि राजमाता ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या सत्रासाठी गेल्या आहेत. राजाला अडवू शकेल, निदान त्याच्याशी बरोबरीने बोलू शकेल, असे एकही माणूस अयोध्येत उरलेले नाही. वसिष्ठांचा निरोप घेऊन अष्टावक्र येतो. त्या निरोपात आपण यज्ञात अडकलो आहोत, राजा तरुण आहे आणि राज्य नवे आहे, याची स्पष्ट जाणीव व्यक्त झाली आहे. म्हणजे धोका कोठे आहे हे गुरूला ठाऊक आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून तो एकच गोष्ट सांगतो : प्रजेचे अनुरंजन कर.

रामाचे उत्तर सर्वपरिचित आहे. लोकाराधनेसाठी स्नेह, दया, सुख, किंबहुना जानकीसुद्धा सोडावी लागली तरी आपणास व्यथा होणार नाही, असा त्याचा आशय. या उत्तराला सीता तेथल्या तेथे दाद देते. ही दाद महत्त्वाची आहे. तत्त्वाला तिची संमती आहे. पण काही वेळाने तेच तत्त्व तिच्यावर लागू केले जाते तेव्हा ती रामाच्या बाहूवर निद्रिस्त असते आणि तिला कोणी काही विचारीत नाही. तत्त्वाला दिलेली संमती म्हणजे त्याच्या प्रत्येक उपयोजनाला दिलेली संमती, असे येथे गृहीत धरले गेले. आधुनिक शासनव्यवहारात निवडणुकीतील कौल हा पुढील पाच वर्षांतील प्रत्येक निर्णयाचा कौल मानला जातो तेव्हा नेमके हेच घडत असते.

याहून सूचक आहे ती दुर्मुखाची योजना. नगरात चाललेला अपवाद हा हेर राजाच्या कानात सांगतो. रंगसंकेतानुसार ते शब्द प्रेक्षकाला ऐकू येत नाहीत. ज्या आरोपावरून एका स्त्रीचे आयुष्य उद्ध्वस्त होते तो आरोप रंगमंचावर त्या क्षणी उघडपणे उच्चारलाच जात नाही. आरोप करणारा समोर नाही, आरोपी निद्रिस्त आहे, सल्लागार दूर आहेत, आणि न्याय करणारा व शिक्षा देणारा एकच आहे. लक्ष्मणालाही आज्ञा पोहोचते ती निरोपाने. भावाभावांतही चर्चा होत नाही.

रामाची सत्ता येथे जुलमी नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. उलट ती लोकमताला इतकी नमते की स्वतःचे सर्वस्व त्याला अर्पण करते. एका अर्थी हे राज्य लोकानुवर्तनाचे टोक आहे. तरीही ते अन्याय करते. कारण या राज्यात राजावर अंकुश एकच आहे, तो म्हणजे बहुसंख्यांची कुजबुज. ज्या सत्तेला एकच अंकुश असतो ती त्या अंकुशाचीच गुलाम होते. लोकापवाद आणि लोकमत यांत भेद करण्याची कोणतीही व्यवस्था तिच्यापाशी नसते.

पुढील सहा अंकांत भवभूती ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने निर्माण करतो. सुनेवाचून रिकाम्या अयोध्येत आपण जाणार नाही असे अरुंधती म्हणाल्याचे दुसऱ्या अंकात कळते, आणि तिच्यामागोमाग राजमाताही राजधानीवर पाठ फिरवतात. अधिकारस्थानांनी दिलेला हा पहिला नकार. तिसऱ्या अंकात वनदेवता वासंती रामाला तोंडावर जाब विचारते. चौथ्या अंकात जनकाचा क्रोध आहे. पाचव्या अंकात लव हा कुमार, थोरांच्या चरित्राची चर्चा करू नये असे म्हणत म्हणत ताटकेचा वध, खराशी लढताना घेतलेली माघार आणि वालीचा वध हे तिन्ही प्रसंग काढून दाखवतो. अकराव्या शतकातील काश्मिरी समीक्षक क्षेमेंद्र याने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात लवाच्या या उक्तीवर अनौचित्याचा ठपका ठेवला आहे. गौण पात्राच्या वीररसाचा उत्कर्ष साधण्याकरिता कवीने प्रधान नायकाच्या वीररसाची हानी केली, असा त्याचा आक्षेप. रसव्यवस्थेच्या दृष्टीने हा आक्षेप तर्कशुद्ध आहे. परंतु त्याच्यामागे एक राजकीय गृहीतकही दडलेले आहे : संहितेतील सर्व आवाजांनी नायकाच्या थोरवीची सेवा केली पाहिजे. भवभूतीने हे गृहीतक मानले नाही. क्षेमेंद्राला जे अनौचित्य वाटले ते या नाटकाच्या राजनीतीचे मर्मस्थान आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सातव्या अंकातील गर्भांक ही या प्रक्रियेची परिणती. गंगेच्या तीरावर अप्सरांकडून वाल्मीकीची कृती सादर होते. प्रेक्षकांत नगरजन व ग्रामजन आहेत आणि राजाही त्यांच्यापैकीच एक आहे. नाटकातल्या या नाटकात पृथ्वी रामाला दोष देते आणि भागीरथी त्याची बाजू मांडते : अग्निशुद्धी दूर लंकेत झाली, येथल्या लोकांना तिची प्रतीती कशी यावी, आणि लोकाराधन हेच तर इक्ष्वाकूंचे कुलव्रत. बारा वर्षांपूर्वी जी सुनावणी व्हावयास हवी होती ती आता होत आहे. दोन्ही पक्ष मांडले जातात, आणि तेही उघड्यावर. त्यानंतर अरुंधती जमलेल्या लोकांना उद्देशून बोलते, त्यांचे मत विचारते आणि लोक सीतेला वंदन करतात. येथे लोक बदललेले नाहीत. ज्यांच्यात अपवाद पसरला होता तेच हे लोक. बदलली ती मत बनण्याची रीत. पूर्वी मत कानातून कानात गेले, आता ते दोन्ही बाजू पाहून, एकत्र बसून, जबाबदारीने व्यक्त झाले. ज्या वसिष्ठगृहीच्या माणसांच्या अनुपस्थितीत अनर्थ घडला त्यांच्याच उपस्थितीत, अरुंधतीच्या मुखाने, त्याचे निवारण होते हेही अर्थपूर्ण आहे. सत्तेवरील दुसरा अधिकार परत आला तेव्हाच दृष्टिकोनांना वाट मिळाली.

३

परंतु 'उत्तररामचरिता'तील हा समतोल एका ठिकाणी येऊन थांबतो, आणि त्या ठिकाणाकडे डोळेझाक करून केलेले कोणतेही वाचन अपुरे ठरेल. दुसऱ्या अंकात राम तप करणाऱ्या शूद्र शंबूकाचा वध करतो. हे करताना तो आपल्याच उजव्या हाताला उद्देशून बोलतो, सीतात्यागाची आठवण काढून स्वतःच्या निष्ठुरतेचा उपहास करतो. त्याच्या मनाची घालमेल कवीने दाखवली आहे. शंबूकाची बाजू मात्र येत नाही. वधानंतर तो दिव्य रूपात प्रकट होतो आणि रामाचे आभार मानतो. सीतेच्या बाजूने अरुंधती, वासंती, जनक, पृथ्वी आणि लव इतके जण उभे राहतात. शंबूकाच्या बाजूने कोणीही नाही, तो स्वतःसुद्धा नाही. ज्याला मारले त्याच्याच मुखातून मारणाऱ्याची स्तुती वदवून घेणे ही एकमताची अत्यंत परिपूर्ण आणि म्हणूनच अत्यंत भयावह रीत आहे.

यावरून एक सैद्धान्तिक मुद्दा निष्पन्न होतो. बाख्तिनच्या बहुस्वरतेच्या संकल्पनेचा मराठी समीक्षेत वापर होऊ लागल्यापासून संहितेत अनेक आवाज असणे हे स्वतःच एक लोकशाही मूल्य मानण्याकडे आपला कल झाला. पण संहितेतील आवाजांची संख्या मोजण्यापूर्वी, आवाज असण्याचा अधिकार कोणाला दिला गेला, हे विचारले पाहिजे. 'दोन्ही बाजू ऐका' हे सूत्र निरुपद्रवी वाटते. पण बाजू दोनच आहेत आणि त्या अमुक दोन आहेत, हे आधीच कोणीतरी ठरवलेले असते. तिसऱ्या अंकात सीतेला आवाज आहे; परंतु ती अदृश्य आहे, रामाचे बोलणे ती ऐकते आणि तिचे बोलणे केवळ तमसा ऐकते. शंबूकाला तेवढाही आवाज नाही. आवाज असणे, तो ऐकला जाणे आणि त्याने निर्णय बदलणे, या तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत.

आंबेडकरांनी १९३६ मधील जातिप्रथेच्या निर्मूलनाविषयीच्या आपल्या न झालेल्या भाषणात शंबूकाच्या या कथेचा निर्देश केला आहे. चातुर्वर्ण्य आपोआप टिकत नाही, ते टिकवण्यास दंडशक्ती लागते, आणि शंबूकवध हे रामाच्या व्यक्तिगत क्रौर्याचे नसून त्या व्यवस्थेच्या गरजेचे उदाहरण आहे, असा त्यांचा युक्तिवाद. व्यक्तीवरून रचनेकडे वळणारी ही दृष्टीच त्यांच्या लोकशाहीविचारात पुढे दिसते.

२२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यातील वकिलांच्या ग्रंथालयात त्यांनी लोकशाहीच्या यशस्वितेस आवश्यक असलेल्या अटींवर व्याख्यान दिले. समाजात टोकाची विषमता नसणे, विरोधी पक्षाचे अस्तित्व, कायद्यापुढे व प्रशासनात समान वागणूक, संविधानिक नीतीचे पालन, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम न करणे, समाजात नैतिक व्यवस्था कार्यरत असणे आणि सार्वजनिक सदसद्विवेक, अशा त्या अटी. या यादीची रचना पाहण्यासारखी आहे. तिच्यातील काही अटी सत्तांच्या समतोलाविषयी आहेत, काही दृष्टिकोनांच्या समतोलाविषयी, आणि दोहोंच्या आधी विषमतेची अट आहे. जेथे माणसांच्या स्थितीतच प्रचंड अंतर आहे तेथे दोन्ही समतोल कागदावर राहतात, असा त्याचा अर्थ. विरोधी पक्षाचे समर्थन करताना त्यांनी सत्तेवर पाच वर्षांनी एकदा चालणारा मतदारांचा निषेधाधिकार आणि दररोज सभागृहात चालणारा निषेधाधिकार यांत फरक केला. पहिला पुरेसा नाही; सत्तेला तेथल्या तेथे प्रश्न विचारणारा कोणी हवा. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन मिळते याकडेही त्यांनी लक्ष वेधले. भारतीय संसदेने तसा कायदा त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९७७ मध्ये केला.

हे व्याख्यान ज्या वर्षी झाले त्याच वर्षाच्या आरंभी आंबेडकर मुंबईत लोकसभेची निवडणूक हरले होते. १९५४ मध्ये ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. भंडारा हा तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. आंबेडकर मात्र पराभूत झाले. या पराभवाचे राजकीय विश्लेषण हा इतिहासकारांचा विषय आहे. आपल्या दृष्टीने त्यातील अर्थ असा की, संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, ज्याने विरोधाला लोकशाहीची अट मानले, तो स्वतः लोकसभेत विरोधी बाकावर बसू शकला नाही. राज्यसभेचे दालन असल्यामुळे त्यांचा आवाज संसदेत राहिला. दोन सभागृहे असावीत की नसावीत हा एरवी रुक्ष वाटणारा प्रश्न येथे मूर्त होतो. एका मार्गाने बंद झालेला दृष्टिकोन दुसऱ्या मार्गाने आत येऊ शकतो, तो सत्तेची रचना एकेरी नसते म्हणून. दोन समतोलांचे नाते यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण आपल्या प्रदेशाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मात्र याच जुन्या भंडारा जिल्ह्याच्या इतिहासात २००६ चे खैरलांजीही आहे. एका दलित कुटुंबातील चौघांची तेथे २९ सप्टेंबर रोजी हत्या झाली. संस्था सर्व होत्या : ग्रामपंचायत, पोलीस, न्यायालये. आंबेडकरांच्या यादीतील शेवटची अट, सार्वजनिक सदसद्विवेक, म्हणजे ज्याच्यावर अन्याय होतो तो आपल्यापैकी नसला तरी त्याच्या बाजूने उभे राहण्याची वृत्ती. ती नसली तर शंबूकाच्या बाजूने कोणीच बोलत नाही, मग व्यवस्था राजाची असो वा प्रजेची.

४

सत्तांचा समतोल आहे पण दृष्टिकोनांचा नाही, अशी स्थिती कशी असते, हे अरुण साधू यांच्या कथाविश्वात दिसते. 'मुंबई दिनांक' (१९७३) व 'सिंहासन' (१९७७) या त्यांच्या कादंबऱ्या, आणि त्यांच्या आधारे विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये दिग्दर्शित केलेला 'सिंहासन' हा चित्रपट मराठीतील राजकीय कथनाचा मानदंड मानला जातो. या विश्वातील मुख्यमंत्र्याची सत्ता मुळीच निरंकुश नाही. अर्थमंत्री त्याच्या खुर्चीवर टपलेला आहे, आमदारांचे गट फुटण्याच्या बेतात आहेत, कामगार नेता शहर बंद पाडू शकतो, दिल्लीतील श्रेष्ठींचा वरचष्मा आहे, वृत्तपत्रे आहेत. प्रत्येक जण प्रत्येकाला आवर घालतो. माँतेस्क्यूच्या सूत्राचे शब्दशः पालन करणारे हे जग आहे असे विनोदाने म्हणता येईल.

आणि तरीही या जगात लोकशाही नाही, असा ठसा वाचकाच्या मनावर उमटतो. त्याचे कारण उघड आहे. हे सर्व अंकुश एकाच गोष्टीवर चालतात : सत्ता कोणाकडे असावी. ती कशासाठी असावी याविषयी मुख्यमंत्री आणि त्याचा प्रतिस्पर्धी यांच्यात मतभेदच नाही, कारण त्या बाबतीत मतच नाही. अर्थमंत्री सत्तेवर आला तर राज्यातील शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या वा झोपडपट्टीतील माणसाच्या आयुष्यात काय फरक पडेल, या प्रश्नाचे उत्तर संहितेत कोठेही सापडत नाही, आणि ते न सापडणे हाच संहितेचा आशय आहे. दिगू टिपणीस हा पत्रकार सर्व बाजू जाणतो. सर्वांच्या दालनांत त्याला प्रवेश आहे. दृष्टिकोनांचा समतोल साधू शकेल असे हे एकमेव पात्र. पण त्याच्यापाशी केवळ माहिती आहे. तिचे रूपांतर जबाबदारीत करणारी संस्था त्याच्यामागे नाही. चित्रपटाच्या अखेरीस त्याचे मानसिक संतुलन ढळते. सर्व बाजू ठाऊक असलेल्या माणसालाच तोल सावरता येऊ नये, ही कलाकृतीची अत्यंत कडवट टिप्पणी आहे.

येथे एका संभाव्य आक्षेपाचा विचार केला पाहिजे. समतोलाची मागणी ही मुळातच यथास्थितिवादी आहे, अन्यायाच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंना सारखे लेखणे म्हणजे अन्यायाला साथ देणे, असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे. मराठी ग्रंथपरीक्षणातही 'संतुलित' या विशेषणाआड पुष्कळदा निर्णय टाळण्याची वृत्ती लपलेली असते. परंतु समतोल आणि मध्य यांत भेद आहे. मध्य ही जागा आहे. समतोल ही प्रक्रिया आहे. पृथ्वी आणि भागीरथी दोघींचे ऐकून घेतल्यानंतर अरुंधती मध्यावर थांबत नाही. ती सीतेच्या बाजूने निःसंदिग्ध कौल मागते. सुनावणी समतोल असावी लागते, निवाडा नव्हे. निवाड्याने कोणाची तरी बाजू घ्यावीच लागते, आणि तो सुनावणीतून आलेला असतो म्हणूनच त्याला बळ असते.

मराठी मनाने सत्तेवरील अंकुशाचे प्रतीक म्हणून रामशास्त्री प्रभुणे यांना जपले आहे. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबांना दोषी ठरवणारा हा न्यायाधीश शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. पण या कथेचे रूप एका धैर्यशील व्यक्तीचे आहे, संस्थेचे नाही. शास्त्रीबुवा पद सोडून निघून जातात आणि त्यांच्यामागे त्या आसनाचे काय झाले हे कथा सांगत नाही. आपल्या राजकीय कल्पनाशक्तीत समतोल हा अजून सद्गुण आहे, व्यवस्था नाही. वसिष्ठ दूर गेले की काय, या प्रश्नाचे उत्तर अशी कल्पनाशक्ती देऊ शकत नाही. कारण प्रत्येक वसिष्ठ केव्हा ना केव्हा दूर जाणारच.

५

हे विवेचन संहितांपुरते ठेवावयाचे नसेल तर ते एखाद्या गावापर्यंत आणले पाहिजे. गोंदिया जिल्ह्यातील बिरसी हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते तेथील विमानतळामुळे. येथील धावपट्टी ब्रिटिश अमदानीत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली. तेव्हाची राज्यव्यवस्था काय होती? मध्यप्रांत व वऱ्हाडातील काँग्रेस मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिला होता आणि १९३५ च्या कायद्यातील ९३ व्या कलमान्वये सारा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला होता, तो १९४६ पर्यंत. प्रश्न विचारणारे सभागृह नव्हते. गावकऱ्यांना मत नव्हते असे नाही; मताला जाण्यास जागा नव्हती. पहिल्या अंकातील अयोध्या आणि युद्धकाळातील नागपूर यांत राजाच्या स्वभावाचा कितीही फरक असला तरी रचनेचा फरक फारसा नाही.

१९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आल्यावर ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. भूमिसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनात ग्रामसभेशी विचारविनिमय करण्याचे बंधन घातले. महाराष्ट्राच्या कायद्यात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आली, आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांचे आरक्षण २०११ मध्ये निम्म्यावर गेले. या तरतुदींचा नाट्यशास्त्रीय अर्थ लावावयाचा तर, अदृश्य राहून केवळ तमसेशी बोलणाऱ्या पात्राला रंगमंचाच्या उजेडात आणण्याचा हा प्रयत्न आहे. तो कितपत सफल होतो हे गावागणिक वेगळे असेल. सभेच्या नोंदवहीवर केवळ सह्या गोळा झाल्या तर त्या सह्या आणि शंबूकाची कृतज्ञता यांत अंतर उरत नाही.

सरपंचाच्या निवडीचा अलीकडील इतिहासही या संदर्भात बोधप्रद आहे. २०१७ मध्ये राज्यात सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वीकारली गेली. थेट निवडीच्या समर्थकांच्या मते सरपंच सदस्यांच्या फोडाफोडीपासून मुक्त राहतो. विरोधकांच्या मते सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचे झाले की कामकाज ठप्प होते. दोन्ही युक्तिवाद सत्तांच्या समतोलाविषयी आहेत. ज्या गटाकडे सरपंचही नाही आणि बहुमतही नाही त्याच्या म्हणण्याचे काय, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच आला. मुंबईच्या विधानभवनातही याहून निराळे चित्र नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २८८ सदस्यांच्या विधानसभेत एकाही विरोधी पक्षाला एकदशांश जागा मिळाल्या नाहीत आणि विरोधी पक्षनेत्याचे पद हा वादाचा विषय झाला. लोकसभेत २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत असे मान्यताप्राप्त पद रिक्तच होते. मतदारांनी दिलेला कौल हा कौलच असतो. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण आंबेडकरांनी दाखवलेला भेद येथे कामी येतो. पाच वर्षांनी चालणारा अधिकार वापरून झाला आहे. दररोज चालावयाच्या अधिकाराची तरतूद कोणी करावयाची? विरोधाची जागा ही विरोधकांच्या संख्येवर सोडून देण्याची गोष्ट नाही, ती रचनेने राखून ठेवण्याची गोष्ट आहे. सत्तेत कोणता पक्ष आहे यावर हे विधान अवलंबून नाही, आणि तसे ते अवलंबून ठेवले तर त्यातील तत्त्वच नष्ट होते.

साहित्यसमीक्षेचा या सर्वांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की दृष्टिकोनांचा समतोल ही सवय आहे आणि ती भाषेत घडते. लवाचे बोलणे अनौचित्यपूर्ण ठरवणारी समीक्षा आणि विरोधी सदस्याचे बोलणे कामकाजातून काढून टाकणारे सभागृह यांची मनोरचना एकच असू शकते. पदव्युत्तर वर्गात 'उत्तररामचरित' शिकवताना रामाच्या शोकाला आपण जितका वेळ देतो तितका वासंतीच्या प्रश्नाला देतो का, आणि शंबूकापाशी आलो की पान उलटतो का, हे तपासून पाहिले पाहिजे. कृतीत जो आवाज आहे तो ऐकवणे आणि जो नाही त्याच्या नसण्याची नोंद करणे, ही दोन्ही कामे समीक्षेची आहेत. दुसरे काम अधिक अवघड आहे, कारण त्यासाठी आपल्या आवडत्या कवीविरुद्धही साक्ष द्यावी लागते. भवभूतीच्या बाबतीत ती देणे त्याच्याच नाटकाच्या रीतीला धरून होईल. कारण नायकाविरुद्ध साक्षीदार उभे करण्याचे धैर्य त्याने दाखवले होते. एक साक्षीदार त्याच्याकडून राहून गेला. त्याला पाचारण करणे आजच्या वाचकाचे काम आहे.